हॅलो हॅलो, येतोय का आवाज? : घरच्या रेकॉर्डिंगमधला बिघाड कुठे शोधायचा

(या भागाचं हे लिखित रूप. बोललेलं शक्यतो बोलल्यासारखंच ठेवलंय, ‘म्हणजे’ आणि ‘ना’ तेवढे थोडे कमी केलेत.)

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्यायची वेळ येणार नाही. कागद-पेन मात्र जवळ असू द्या.

घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांचे मला जे व्हॉइस मेसेज येतात, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘ताई, आवाज चांगला येत नाहीये, कोणता माइक घेऊ?’’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. आत्ता काहीच घेऊ नका. ‘चांगला येत नाही’ म्हणजे नेमकं काय होतंय ते आधी सांगा. येतच नाही? बारीक येतो? फाटतो? मागे गुणगुण येते? उशिरा येतो? एकाच कानात येतो? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि त्यातली बरीचशी कारणं एक रुपयाही खर्च न करता दूर होतात. माइक बदलून जाणाऱ्या तक्रारी त्या मानाने फार थोड्या.

गेल्या महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या एका श्रोत्या ताईंचा मेसेज आला. त्यांच्या आजींचं वय ऐंशीच्या पुढे. आजींना जात्यावरच्या ओव्या येतात, आणि त्या घरातल्या दुसऱ्या कुणाला येत नाहीत. ताईंनी लॅपटॉप, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माइक अशी जमवाजमव केली. चार संध्याकाळी आजींना बसवलं, चारही वेळा रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज. पाचव्या दिवशी आजी म्हणाल्या, ‘‘आता पुरे गं बाई, तेच ते किती वेळा म्हणू? घसा बसला माझा.’’ आणि ताई मला विचारत होत्या की बारा हजारांचा दुसरा माइक मागवू का.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. ते मोठं काम झालं. पण प्रत्येक घरात असा एखादा आवाज असतोच, जो फक्त त्या घरालाच हवा असतो, आणि तो दहा वेळा पुन्हा मिळत नाही. म्हणून बिघाड शोधायचा तो आजींना बसवण्याआधी, आणि पटकन. ते कसं करायचं, त्याबद्दल आज बोलू.

घरातला दिवा लागेनासा झाला की वायरमन काय करतो? तो लगेच नवीन बल्ब आणायला पळत नाही. टेस्टर काढतो आणि बघतो, बटणापर्यंत करंट येतोय का? होल्डरपर्यंत येतोय का? जिथपर्यंत येतोय तिथपर्यंतचं सगळं ठीक. आवाजाचंही तसंच आहे. गाणाऱ्याच्या तोंडातून आवाज निघतो, खोलीत फिरतो, माइकमध्ये जातो, तिथून केबल, केबलमधून इंटरफेस, मग यूएसबीची वायर, मग ड्रायव्हर, मग सॉफ्टवेअर, आणि परत उलट्या वाटेने हेडफोनमधून तुमच्या कानात. इतक्या कड्यांची ही साखळी. आपल्याला फक्त शेवटच्या कडीवर ऐकू येतं, आणि आपण दोष पहिल्या कडीला देतो, कारण माइक समोर दिसतो ना!

आपला टेस्टर म्हणजे मीटर. सॉफ्टवेअरमध्ये ती हिरवी पट्टी वरखाली होते, ती. ऑडॅसिटी असो, रीपर असो, गॅरेजबँड असो, सगळ्यांत ती असते. (ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. सुरुवातीला यापलीकडे काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.) काहींमध्ये ट्रॅक आधी ‘आर्म’ करावा लागतो, म्हणजे त्यावरचं लाल बटण दाबावं लागतं, तेव्हाच पट्टी हलते. आता माइकसमोर बोला. पट्टी हलते का?

या एका प्रश्नाने साखळीचे दोन तुकडे पडतात. पट्टी हलते पण ऐकू येत नाही, म्हणजे माइकपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं ठीक आहे, गडबड पुढे आहे, ऐकण्याच्या बाजूला. बऱ्याचदा एवढंच असतं की इंटरफेस लावल्यावर कॉम्प्युटरने आवाज बाहेर सोडायचं कामही परस्पर इंटरफेसकडे दिलेलं असतं. तुम्ही लॅपटॉपच्या स्पीकरकडे कान लावून बसता आणि आवाज इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये गेलेला असतो. हेडफोन तिथे लावा, झालं.

पट्टी हलतच नाही, तर गडबड अलीकडे. आणि पट्टी हलते पण काहीतरी विचित्र वाटतं, तर एक छोटी चाचणी करा. माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडा. मोठा खर्र आवाज आला तर तोच माइक चालू आहे. आवाज लांबून, बारीक आला, तर तुम्ही महागड्या माइकसमोर बसून लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर रेकॉर्डिंग करताय. हसू नका, हे फार वेळा घडतं. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट निवडायची जी यादी असते, तिथे जाऊन बरोबर नाव निवडलं की प्रश्न मिटतो.

पट्टी अजिबात हलत नसेल तर मी या क्रमाने बघते. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइक वापरायची परवानगी बंद आहे का? मॅकवरही अशी परवानगी द्यावी लागते. मग यूएसबीची वायर. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही स्वस्त वायरींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्या फक्त चार्जिंगच्या असतात. माइकवरचा दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं जोडलंय, पण कॉम्प्युटरला तो माइक दिसतच नाही. मग ४८ व्होल्टचं बटण. कंडेन्सर माइकला इंटरफेसकडून वीज लागते, ती या बटणाने जाते. डायनॅमिक माइकला, म्हणजे आपल्या भाषणाच्या स्टेजवर असतो तसल्याला, ती लागत नाही. पण त्याचा आवाज मुळात बारीक येतो, त्यामुळे गेनचं बटण बरंच फिरवावं लागतं. शुअरचा एसएम७बी हा माइक पॉडकास्टवाल्यांच्या व्हिडिओंत तुम्ही पाहिला असेल. त्याला किमान ६० डेसिबल गेन हवा असं ती कंपनीच सांगते. छोट्या इंटरफेसमध्ये काहींची मजल जेमतेम तिथपर्यंत जाते. म्हणजे व्हिडिओ बघून तो माइक घेतला आणि आवाज बारीक आला, तर माइक बिघडलेला नाही.

कॉलर माइकची एक गंमत सांगते. मोबाइलसाठी असलेल्या कॉलर माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग. डेस्कटॉपच्या गुलाबी जॅकला दोन रेघांची पिन हवी असते. ती चार भागांची पिन त्यात आत जाते, मस्त बसते, आणि आवाज येत नाही. यावर उपाय म्हणजे एक छोटा कन्व्हर्टर. आणि काही कॉलर माइकना वायरीवर एक डबी असते, तिच्यात बटणासारखा सेल असतो आणि मोबाइल की कॅमेरा असा खटका असतो. तो खटकाही बघा.

आता मला एका भजनी मंडळाची गोष्ट सांगायचीय, कारण ‘आवाज येत नाही’ या प्रकारातलं इतकं भुताटकीसारखं वाटणारं प्रकरण दुसरं नाही.

या मंडळींकडे छोटा मिक्सर होता. गायक, पेटी, पखवाज, टाळ, सगळ्यांचे माइक मिक्सरमध्ये आणि मिक्सरचं आउटपुट एका वायरीने डेस्कटॉपच्या निळ्या लाइन-इनमध्ये. दोन तास भजन झालं. घरी हेडफोनवर ऐकलं तर आवाज होता, जरासा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण होता. मग त्यांनी ते सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. आणि फोन सुरू! ‘‘अहो, काहीच ऐकू येत नाही.’’ ‘‘आमच्याकडे नुसती खरखर आहे.’’ ज्यांनी इअरफोन लावून ऐकलं ते म्हणत होते, छान आलंय की. फाइल एकच. कुणाला येतंय, कुणाला नाही.

झालं असं होतं. त्यांच्या मिक्सरचं आउटपुट बॅलन्स्ड होतं. बॅलन्स्ड म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती दोन तारांमधून जातात, एक सुलटी आणि एक उलटी. सुलट्या प्रतीत पट्टी वर जाते तेव्हा उलट्या प्रतीत ती तेवढीच खाली. हे मुद्दाम करतात. वाटेत दोन्ही तारांना सारखीच खरखर चिकटते, आणि पलीकडचं यंत्र उलटी प्रत परत सुलटी करून दोन्ही एकत्र करतं, तेव्हा ती खरखर आपसूक एकमेकींना मारते. फार सुंदर युक्ती आहे. पण पलीकडचं यंत्रही ते समजणारं हवं. कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वाटतं, दोन तारा म्हणजे डावा कान आणि उजवा कान. त्याने सुलटी प्रत डाव्या बाजूला ठेवली, उलटी उजव्या बाजूला. दोन कानांत दोन वेगळ्या प्रती, म्हणून हेडफोनवर ऐकू येतं. एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर डावं आणि उजवं एकत्र होतं. अधिक पाच आणि उणे पाच. शून्य.

पण यात गेलेलं काहीच नसतं! ऑडॅसिटीमध्ये ती फाइल उघडायची, ट्रॅकच्या मेनूतून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करायचे, त्यातला एक पुसून टाकायचा. पाच मिनिटांत दोन तासांचं भजन परत आलं. मंडळाचे बुवा म्हणाले, ‘‘पांडुरंगाची कृपा.’’ मी म्हटलं, ती आहेच, पण पुढच्या वेळी वायर बदला.

या निमित्ताने एकाच कानात आवाज येण्याचंही सांगून टाकते. इंटरफेसच्या पहिल्या जॅकमध्ये माइक लावला आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक स्टिरिओ ठेवला, की आवाज फक्त डाव्या कानात येतो. ट्रॅक मोनो करा. संपलं.

आता ती गुणगुण. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिचा ‘हूं’ ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येतो. पेटीवाल्यांना खूण सांगते. तो साधारण पांढरी पाचच्या आसपास असतो, खालच्या सप्तकातला, किंचित चढा. शांत खोलीतही हा सूर हेडफोनमध्ये ऐकू आला, तर तो हवेतून आलेला नाही, विजेतून आलाय.

त्या ताईंना मी एकच गोष्ट करायला सांगितली. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा. त्यांनी काढली, आणि हूं थांबला. त्या फोनवर दोन सेकंद काही बोलल्याच नाहीत. त्या एका कृतीने माइक निर्दोष सुटला, केबल निर्दोष, सॉफ्टवेअर निर्दोष. चार दिवसांत त्यांनी केबल बदलली होती, सॉफ्टवेअर बदललं होतं, खोलीसुद्धा बदलली होती, तीही बऱ्याचदा सगळं एकदमच. एकदम चार गोष्टी बदलल्या की फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो केल्यावर मीटरकडे बघणं, बाकी काही नाही.

हे का होतं? चार्जरमधून अगदी थोडीशी गळती लॅपटॉपच्या अंगावर येते आणि ती जमिनीत जायची वाट शोधते. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकाला मागे अर्थिंगची वायर नीट जोडलेली असेल तर ती तिथून जाते. जुन्या घरांत पुष्कळदा त्या भोकामागे वायरच नसते, किंवा चार्जरच दोन पिनांचा असतो. मग ती गळती यूएसबीच्या वायरीतून, इंटरफेसमधून वाट काढते आणि वाटेत तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुणते. पत्र्याच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात ना, तीच ही.

यावर सोपा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. आजींच्या ओव्या अशाच झाल्या. कायमचा उपाय वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणं. दुसरा एक प्रकार असा असतो की लॅपटॉप एका सॉकेटमध्ये आणि स्पीकर किंवा मिक्सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणून बघा. आणि एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. इंटरनेटवर कुणीतरी सल्ला देतं की तिसरी पिन काढून टाका, गुणगुण जाते. जाईलही. पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे. तिला हात लावायचा नाही. आणि माइकला किंवा लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्यांपेक्षा जास्त काही जाणवलं, तर रेकॉर्डिंग बंद, आधी वायरमन.

बॅटरीवर जाऊनही गुणगुण राहिली, तर माइक हातात घेऊन हळूहळू फिरवा. फिरवताना ती कमीजास्त झाली तर जवळपास एखादा अडॅप्टर किंवा स्टॅबिलायझर आहे, त्यापासून माइक लांब न्या. ‘हूं’ऐवजी चरचरीत ‘झर्रर्र’ असेल तर पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बघा. पंखा पूर्ण वेगावर केल्यावर तो आवाज गेला, तर रेग्युलेटरच.

पुढचा प्रकार, उशीर. तुम्ही ‘सा’ लावता आणि हेडफोनमध्ये तो जरा नंतर येतो. याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की मग उचलतो. त्या बादलीला म्हणायचं बफर. ४८,००० सॅम्पल दर सेकंदाला, असं रेकॉर्डिंग असेल आणि बफर १,०२४ चा असेल, तर एक बादली भरायला साधारण २१ मिलिसेकंद. येताना एक, जाताना एक, म्हणजे ४२-४३. ऐकायला कमी वाटतं, नाही? पण हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तुम्ही इथे गाताय आणि तुमचाच आवाज चौदा-पंधरा मीटर लांबून ऐकू येतोय, सभागृहाच्या मागच्या रांगेतून आल्यासारखा. लय टिकेल का? बफर १२८ वर आणा. तेच अंतर पावणेदोन-दोन मीटरवर येतं, तबलजी शेजारी बसावा तितकं. प्रत्यक्षात इंटरफेस आपला थोडा वेळ अजून घालतो, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

विंडोजवर यासाठी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकून घ्या. मॅकवर वेगळं काही टाकावं लागत नाही. आणि इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ असं बटण असेल तर ते वापराच. त्याने माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मात्र मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येईल आणि तुम्हाला वाटेल खोलीत घुमतंय.

ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग करू नका. उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. शिवाय त्याच हेडफोनचा माइक निवडला गेला की सगळा आवाज टेलिफोनवर आल्यासारखा चपटा होतो, कारण ब्लूटूथ तेव्हा फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातं. साधे, वायरचे हेडफोन आणा. ही एक खरेदी मी आनंदाने करायला सांगते.

बफर फार लहान केला की उलटा त्रास, कट्‌कट् आवाज आणि मधूनच तुटणं. कॉम्प्युटरला बादल्या उचलायला वेळ पुरत नाही. थोडा वाढवा, २५६ करा, वायफाय आणि ब्राउझर बंद करा, लॅपटॉपचा पॉवर-सेव्हिंग मोड बंद करा, यूएसबी हब काढून थेट लावा. एका वेळी एक, हे परत सांगत नाही. (सांगितलंच की!) विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं.

आता गाणाऱ्यांसाठी खास. तुम्ही काळी एकमध्ये गायलात, रेकॉर्डिंग लावलं तर गाणं चढलेलं आणि जरा घाईत. पेटीवर शोधायला गेलात तर पट्टीच सापडत नाही, पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी. असं झालं तर गळ्यावर आणि पेटीवर शंका घेऊ नका. ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेलं ४८ वर वाजतंय. वेग जवळजवळ नऊ टक्के वाढतो आणि सूर दीड पट्टी चढतो. उलटं झालं तर तेवढाच उतरतो. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. कुठला, यावर वाद घालत बसू नका.

आणि तानपुरा गायब होण्याचं काय? हाही मेसेज बरेचदा येतो. गायक बोलतोय, गातोय, छान येतंय, पण मागचा तानपुरा सुरुवातीला ऐकू येतो आणि मग विरून जातो. पेटीचा लांब धरलेला सूरही तसाच. विंडोजमध्ये, लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या ॲपमध्ये, झूममध्ये, सगळीकडे हल्ली ‘नॉइज सप्रेशन’ असतं. त्याचं शिक्षण झालंय ऑफिसच्या मीटिंगमध्ये. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, एवढंच त्याला कळतं. तानपुरा म्हणजे त्याच्या दृष्टीने गोड आवाजाचा एसीच! जात्याची घरघरही ते असंच खाऊन टाकतं, आणि ओवीतून जात्याची घरघर काढली तर उरलं काय? हे सगळे ‘सुधारक’ पर्याय शोधून शोधून बंद करा. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा.

आता आवाजाची पातळी. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो फाटलेला भाग नंतर खरा परत येत नाही. सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढून काही होत नाही, कारण फाटणं त्याच्या आधी, इंटरफेसमध्येच झालेलं असतं. गेनचं बटण तिथे आहे, तिथेच कमी करायचं. बहुतेक लोक गेन लावताना ‘हॅलो हॅलो, वन टू थ्री’ म्हणतात, तेही हळू. मग गाणं सुरू होतं, अंतऱ्याला तार षड्जावर आवाज जातो आणि लाल दिवा. गेन लावायचा तो सगळ्यात मोठ्या जागेवर. तबला असेल तर जोरकस ‘धा’ वाजवून घ्या. ती जागा उणे १२च्या आसपास आली पाहिजे, उणे सहाच्या वर नको. ‘पण मग बाकीचं बारीक येतं’, असं म्हणाल. येऊ द्या. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर ते नंतर निवांत मोठं करता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे नक्की लक्षात ठेवा. आजी सुरुवातीला लाजत, पुटपुटत म्हणतात, आणि एकदा आठवायला लागलं की चौथ्या ओवीला आवाज असा काही मोकळा होतो की बस. त्या चौथ्या ओवीसाठी जागा ठेवायची.

माइक किती लांब? एक वीत. अगदी समोर नको, तोंडाच्या कोपऱ्याला जरा तिरका. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ हे श्वासाचे वर्ण ठासून भरलेत. ‘भाकरी’, ‘फणस’, ‘धबधबा’ म्हणून बघा, हाताच्या तळव्यावर वारा लागेल. तोच वारा माइकवर आदळला की ‘भप्’ होतं. तिरका माइक ठेवला की तो बाजूने निघून जातो. आणि हो, बरेचसे जाडजूड माइक डोक्यावरून नाही, कुशीतून ऐकतात. आइस्क्रीमच्या कोनासारखा तो तोंडाकडे वळवून टोकात बोललात तर आवाज दबका, लांबचा येणारच. माइक उभा ठेवा आणि ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा खूण असते त्या बाजूने बोला.

खोलीबद्दल थोडक्यात. टाळी वाजवा. टाळीमागे ‘टॅण्ण’ असं काही आलं तर ती खोली फरशी आणि भिंतींमुळे घुमते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने फारसं काही होत नाही, झुरळं तेवढी होतात. गोधड्या काढा. आणि ती गोधडी माइकच्या मागे नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. बहुतेक माइक समोरचं ऐकतात, आणि माइकच्या समोर गाणाऱ्याबरोबर त्याच्या मागची भिंतही असते. ती भिंत झाकायची. पंखा बंद करवत नसेल तर माइक अजून जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि पंखा आहे तेवढाच राहतो.

तर, मला प्रश्न पाठवताना आता ‘आवाज चांगला येत नाही’ असं पाठवू नका. अर्ध्या मिनिटाची फाइल पाठवा. पहिले दहा सेकंद गप्प बसा, मग दहा सेकंद नेहमीसारखं बोला, मग जाळीवर नखाने खरवडा, आणि शेवटच्या काही सेकंदांत चार्जरची पिन काढा. सोबत लिहा, कुठला माइक, कशाला जोडलाय, मीटर कुठपर्यंत हलतंय. अशी फाइल करताना निम्म्या लोकांना बिघाड स्वतःलाच सापडतो आणि मेसेज येतच नाही, असा माझा अनुभव आहे. मला चालेल.

पुढच्या भागात मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं कॉम्प्युटरवर आणून साफ कसं करायचं, ते बघू. वरच्या मजल्यावर आत्ताच मिक्सर सुरू झालाय, चटणी वाटतायत बहुतेक, तुम्हालाही ऐकू येत असेल. त्यावर मात्र माझ्याकडे काही उपाय नाही. थांबते इथेच. नमस्कार.